बिल्ल्यावरील मीना : द्रव्य, रेषा आणि नाव

कोटाच्या घडीवर किंवा सदऱ्याच्या खिशावर टोचलेला लहानसा रंगीत बिल्ला हा कलासमीक्षेचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणास वाटत नाही. शिल्प, चित्र आणि वास्तू यांची चर्चा करणारा अभ्यासक क्वचित दागिन्यांपर्यंत येतो. दागिन्यांची चर्चा करणारा जडाव आणि कुंदन यांपाशी थांबतो. बिल्ला मात्र हौशी संग्राहकांच्या पेटीत पडून राहिला आहे. वास्तविक या वस्तूचे सामाजिक महत्त्व मराठी वाचकास नवे नाही. ‘चपराशी’ हा शब्द ‘चपरास’ म्हणजे पट्ट्यावरील अधिकारदर्शक धातूची चकती या शब्दापासून आलेला आहे. रेल्वे स्थानकावरील हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला हा त्याच्या धंद्याचा परवानाच होता. माणूस कोणाचा, कोणत्या कामाचा, कोणत्या पक्षाचा, हे दोन बोटांच्या जागेत सांगणे एवढेच बिल्ल्याचे काम; आणि इतक्या थोड्या जागेत काही निःसंदिग्धपणे सांगावयाचे तर रेषा, रंग आणि द्रव्य यांपैकी कशासही आळशी राहून चालत नाही.

मागणीप्रमाणे घडविल्या जाणाऱ्या रंगीत बिल्ल्यांना आज जगभर ‘इनॅमल पिन’ म्हणतात. मराठीत लिहिताना त्यांस ‘मीनाकामाचे बिल्ले’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु या एका नावाखाली परस्परांहून अगदी भिन्न अशा तीन वस्तू वावरत आहेत. एकीत काच आहे, दुसरीत रंगलेप आहे, तिसरीत काचेसारखी दिसावी म्हणून घासून सपाट केलेली कृत्रिम राळ आहे. हा भेद केवळ कारखानदारीचा आहे आणि रसिकाने त्यात पडू नये, असे म्हटले जाईल. प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. बिल्ल्याची रेषा तशी का आहे, हे त्याच्या द्रव्यावाचून कळत नाही. आणि रेषा कळल्यावाचून बिल्ल्याचे मूल्यमापन होत नाही.

प्रथम खऱ्या मिन्याचा विचार करणे योग्य. मीना म्हणजे धातूवर वितळवून बसविलेली काच. वाळूतील सिलिका, टाकणखार, सोडा किंवा पोटॅश आणि परंपरेने शिशाचे भस्म यांपासून ही काच तयार होते. कोबाल्टमुळे ती निळी, तांब्यामुळे हिरवी अथवा फिरोजी होते, आणि कथिलाच्या भस्माने ती अपारदर्शक पांढरी होते. या काचेचे खडे खलात पाण्यासह घोटतात आणि वरचे पाणी नितळ होईपर्यंत ती पूड पुनःपुन्हा धुतात; कारण धुण्यात कसूर झाली की रंग गढूळ उतरतो. ओली पूड बारीक उचटणीने धातूच्या खळग्यात भरतात, ती पूर्ण वाळू देतात, आणि मग सुमारे ७५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तिला मिनिट-दोन मिनिटे ठेवतात. पुडीच्या कणांमध्ये हवा असते. काच वितळली की पातळी खाली बसते, म्हणून पुन्हा भरणे आणि पुन्हा भाजणे आलेच. ज्या रंगाला अधिक उष्णता सोसते तो आधी आणि जो नाजूक तो शेवटी, हा क्रम कारागिरास पाळावा लागतो. लाल रंग यात विशेष हट्टी. थोडी आच अधिक झाली की तो काळवंडतो.

हे भरण्याचे खळगे दोन प्रकारांनी करता येतात. धातूच्या पत्र्यावर पातळ पट्ट्या उभ्या बसवून घरे पाडली तर त्यास फ्रेंच परिभाषेत ‘क्लॉयझने’ म्हणतात; बाराव्या शतकात थिऑफिलस या पाश्चात्त्य लेखकाने आपल्या कलाग्रंथात या कृतीचे तपशीलवार वर्णन केले आहे. धातूच खणून घरे केली तर तो ‘शांलव्हे’ प्रकार होय. जयपूरचा मीना या दुसऱ्या प्रकारात मोडतो. तेथे आराखडा काढणारा चितेरा, धातू घडविणारा सोनार, खळगे कोरणारा आणि रंग भरणारा मीनाकार हे निरनिराळे कारागीर असत. कोरणारा खळग्याच्या तळाशी बारीक रेघा मारून ठेवी, जेणेकरून पारदर्शक काचेखालून प्रकाश परतून यावा. जेकब आणि हेंडली यांनी १८८६ साली जयपूरच्या मीन्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यावरून या कामास त्या काळी किती प्रतिष्ठा होती हे दिसते.

एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक इंग्लंडने, विशेषतः बर्मिंगहॅमच्या जवाहिरी वस्तीने, या जुन्या शांलव्हे प्रकारात एकच पण निर्णायक बदल केला. खळगा हाताने कोरण्याऐवजी तो पोलादी ठशाने एका घावात उमटविला जाऊ लागला. चित्रकाराच्या आराखड्यावरून कुशल कारागीर ठसा कोरी. तो कडक करून यंत्राच्या घणाखाली बसवीत. त्याखाली तांब्याचा, अथवा ९५ भाग तांबे आणि ५ भाग जस्त अशा मिश्रधातूचा पत्रा ठेवला की आकृती उठे. जस्ताचे प्रमाण इतके कमी ठेवण्यास कारण आहे. अधिक जस्त असलेले पितळ भट्टीत काचेस नीट धरीत नाही. पुढे कडा छाटणे, काच भरणे, भाजणे, कुरुंदासारख्या कठीण दगडाने पाण्याखाली घासून काच व धातू एका पातळीवर आणणे, जिल्हई देणे, मागे टाचणी झाळून बसविणे आणि उघड्या धातूवर सोन्याचा किंवा रुप्याचा मुलामा चढविणे, असा क्रम असे. ठसा एकदा झाला की हजारो प्रती निघत. परंतु प्रत्येक प्रतीतील प्रत्येक रंग हातानेच भरला जाई. हस्तकौशल्य आणि यंत्र यांची ही वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता रेषेकडे वळावे. बिल्ल्यावर प्रत्येक रंगाभोवती धातूची एक बारीक रेघ दिसते. सामान्य प्रेक्षक तिला चित्रातील बाह्यरेषा समजतो. वस्तुतः ती भिंत आहे. भाताच्या खाचरांमध्ये बांध असतो तो शोभेसाठी नसतो. एका खाचरातील पाणी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून असतो. तसेच येथे आहे. दोन रंगांची ओली पूड शेजारी शेजारी ठेवली तर सीमेवर कण मिसळतात आणि भट्टीतून डाग बाहेर येतो. शिवाय ही भिंत काचेच्या क्षेत्राचे लहान लहान भाग पाडते आणि आघात झाला तर तो त्या घरापुरता मर्यादित ठेवते. भिंतीवाचून मीना करता येतच नाही, असे मात्र नव्हे. सोळाव्या शतकातील लिमोझ येथील चित्रमय मीना भिंतीशिवायच केलेला आहे. परंतु तेथे चित्रकार थरावर थर देत एकेक पट्टिका पुनःपुन्हा भाजतो. हजारोंच्या संख्येने निघावयाच्या बिल्ल्यास तो मार्ग बंद आहे. म्हणून बिल्ल्याची शैली भिंतीने ठरविली. रंग सपाट, छटा मोजक्या, एकातून दुसऱ्यात विरघळणारा रंग निषिद्ध, आणि प्रत्येक क्षेत्र बंदिस्त. ही बंधने कोणा सौंदर्यशास्त्रज्ञाने घातलेली नाहीत, ती भट्टीने घातलेली आहेत.

चांगला बिल्ला तोच, की ज्यात ही तांत्रिक भिंत आशयाच्या कामी आली आहे. याचे एक उत्कृष्ट उदाहरण लंडनमधील स्त्रियांच्या मताधिकार चळवळीत सापडते. १९०३ साली स्थापन झालेल्या ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’ या संस्थेने तुरुंगवास भोगलेल्या स्त्रियांना देण्यासाठी एक बिल्ला करविला. होलोवे तुरुंगाच्या नावाने ओळखला जाणारा हा बिल्ला सिल्व्हिया पँखर्स्ट यांनी रेखाटला, आणि १९०९ च्या एप्रिलमध्ये अल्बर्ट हॉलमधील सभेत त्याचे प्रथम वाटप झाले. सिल्व्हिया या मँचेस्टरच्या कलाशाळेत आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या चित्रकर्त्री होत्या, ही गोष्ट बिल्ला पाहताना विसरता येत नाही.

आराखडा अत्यंत साधा आहे. रुप्याचा एक जाळीदार दरवाजा, म्हणजे किल्ल्याच्या वेशीवर वरून खाली सोडतात तसा गजांचा पडदा, आणि दोन बाजूंस लोंबणाऱ्या साखळ्या. हा दरवाजा ब्रिटिश पार्लमेंटचे प्रसिद्ध चिन्ह आहे. त्यावर मधोमध त्रिशाखी बाण. हा बाण सरकारी मालकीची खूण म्हणून वापरला जाई आणि कैद्यांच्या कपड्यांवर छापलेला असे. पार्लमेंटचे चिन्ह आणि कैद्याची खूण अशी दोन्ही चिन्हे राज्यसंस्थेचीच आहेत. चित्रकर्त्रीने नवे असे काहीच निर्माण केलेले नाही. मीना मात्र तिने फक्त बाणावर दिला, तोही संस्थेच्या जांभळ्या, पांढऱ्या आणि हिरव्या रंगांचा. गज उघड्या रुप्याचे राहिले.

या एका निर्णयात बिल्ल्याचा सारा अर्थ साठविलेला आहे. एरवी धातूची रेषा रंगाची सेविका असते. येथे ती रेषाच गज होते. जे संसदेचे द्वार आहे तेच तुरुंगाचे द्वारही आहे, हे त्या गजांनी काहीही न लिहिता सांगितले. आणि ज्या खुणेने स्त्रीला कैदी ठरविले तिच्यात आगीतून गेलेला रंग भरून ती खूण सन्मानाची केली. कलंकाचे भूषण होणे ही कल्पना शब्दांत मांडली असती तर ती भाषणबाजी झाली असती. येथे ती कोठे मीना द्यावा आणि कोठे देऊ नये एवढ्या निवडीतून सिद्ध झाली. द्रव्याचे ज्ञान नसलेल्या समीक्षकास ही निवड दिसणारच नाही. त्याला तीन रंग आणि एक जाळी एवढेच दिसेल.

द्रव्य बदलले म्हणजे काय होते, याचे उदाहरण चीनमध्ये मिळते. १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीस प्रारंभ झाल्यावर माओंच्या प्रतिमेचे बिल्ले अब्जावधींच्या संख्येने निघाले. त्यांतील बहुसंख्य ॲल्युमिनिअमचे होते. ॲल्युमिनिअम ६६० अंशांस वितळते. म्हणजे नेहमीचा मीना वितळण्यापूर्वीच त्याखालचा धातू वितळून जाईल. साहजिकच तेथे काचेची जागा भाजून पक्क्या केलेल्या रंगलेपाने घेतली. या बिल्ल्यांसाठी इतके ॲल्युमिनिअम खर्ची पडले की १९६९ मध्ये खुद्द माओंनीच त्या उधळपट्टीस हरकत घेतली, आणि उत्पादनास उतरती कळा लागली. ब्रिटिश म्युझियमने २००८ साली या बिल्ल्यांवर हेलन वाँग यांचा अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला आहे.

या बिल्ल्यांच्या राजकारणाबद्दल कोणाचे काहीही मत असो, त्यांच्या रचनेत एक प्रामाणिकपणा आहे, हे मान्य करावे लागते. लाल आणि सोनेरी अशा दोनच रंगांवर त्यांतील अनेकांची उभारणी आहे. दोन रंगांना भिंतींची गुंतागुंत नको असते. म्हणून रेषेचे काम उठावाने घेतले, आणि लाल लेप ही केवळ पार्श्वभूमी राहिली. लेपाने काचेचे सोंग घेतले नाही. होलोवेच्या बिल्ल्यातील सूक्ष्मता येथे नाही, त्या बिल्ल्याची माणसाविषयीची आस्थाही येथे नाही. परंतु द्रव्य आणि रूप यांची फारकतही नाही.

ही फारकत आजच्या व्यवहारात दिसते, आणि तीच येथे चिंतेची बाब आहे. आज मागणीप्रमाणे होणारे बिल्ले मोठ्या प्रमाणावर चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील कारखान्यांत तयार होतात. गिऱ्हाईक आपले चित्र पाठवितो; कारखान्यातील आरेखक ते भिंतींच्या भाषेत उतरवितो, म्हणजे प्रत्येक रंगाभोवती बंद रेषा काढतो आणि फार बारीक तपशील गाळतो. संगणकाच्या साहाय्याने पोलादी ठसा कोरला जातो. लोखंड, पितळ किंवा तांबे यांवर तो मारतात, किंवा जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओततात. हा मिश्रधातू चारशे अंशांच्या आतच वितळत असल्यामुळे त्यावर खरा मीना अशक्य आहे, हे उघड आहे. यापुढे दोन वाटा फुटतात.

पहिल्या वाटेच्या बिल्ल्यास बाजारात ‘सॉफ्ट इनॅमल’ म्हणतात. यात आधी मुलामा चढवितात आणि नंतर पिचकारीसारख्या सुईने खळग्यांत रंगलेप सोडतात. शे-दीडशे अंशांच्या मंद आचेवर तो वाळला की आक्रसून खाली बसतो. धातूच्या कडा वर राहतात आणि बोट फिरविले असता रेषा हाताला लागते. दुसऱ्या वाटेच्या बिल्ल्यास ‘हार्ड इनॅमल’ हे नाव आहे. यात कृत्रिम राळ भिंतीच्याही वर येईल इतकी भरतात, भाजून घट्ट करतात आणि मग धातूसह घासून आरशासारखी सपाट करतात. घासण्यात मुलामा निघून जाईल म्हणून मुलामा शेवटी चढवितात. राळ विद्युद्वाहक नसल्यामुळे तो केवळ धातूच्या रेषांवरच बसतो. ही युक्ती चतुर आहे, यात शंका नाही. चिनी कारागिरांच्या परिभाषेत या दुसऱ्या प्रकारास जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘मीन्याची नक्कल’ असा आहे. तेथील कारागीर स्वतःच्या मालास नक्कल म्हणतो; इंग्रजी बाजारात येताच ती नक्कल ‘कठीण मीना’ होते.

बाजाराच्या भावात ‘हार्ड’ प्रकार वरचढ समजला जातो. समीक्षेने हा क्रम जसाच्या तसा का स्वीकारावा? खऱ्या मिन्यात काच आणि धातू समपातळीवर येतात याचे कारण दोन्ही कठीण आहेत, दोन्ही एकाच दगडाखाली झिजतात, आणि सपाट झालेल्या काचेत प्रकाश खोलवर उतरतो. राळेच्या बिल्ल्यात सपाटपणा तेवढा उरला आहे. त्याचे कारण आणि त्याचे फळ दोन्ही गेली आहेत. अपारदर्शक राळेत प्रकाश उतरत नाही, आणि तिच्यावर सुईच्या टोकानेही ओरखडा उठतो. उलट ‘सॉफ्ट’ म्हणून हिणविलेल्या बिल्ल्यात रंग सुकून खाली बसला आहे आणि भिंत भिंतीसारखी उभी आहे. द्रव्याने जे केले तेच डोळ्यास दिसते. त्या उठलेल्या रेषेवर प्रकाश पडतो, तिची बारीक सावली रंगावर पडते, आणि काचेजवळ नसलेला एक वेगळाच गुण निर्माण होतो. म्हणून कलादृष्ट्या पाहता, स्वस्त बिल्ला पुष्कळदा महाग बिल्ल्याहून अधिक खरा असतो, असा निर्णय देणे भाग आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, खऱ्या मीन्याचा आग्रह म्हणजे जुन्या काळाचा हव्यास होय. काचेस भट्टी लागते, वेळ लागतो, शिसेयुक्त काचेची पूड हाताळणाऱ्या कारागिराच्या प्रकृतीस धोका असतो, आणि रंगांची निवड मर्यादित असते; लेपात हवी ती छटा मिळते आणि शंभर बिल्ले करवून घेणे एखाद्या लहानशा संस्थेसही परवडते. हा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. स्वस्त बिल्ल्याने अनेक लहान समूहांना स्वतःचे चिन्ह दिले, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु हा आक्षेप लेपाच्या बाजूचा आहे, सोंगाच्या बाजूचा नाही. लेप लेप म्हणून उभा राहिला तर कोणाचीच तक्रार नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. पाहणाऱ्यास जे दिसते तेवढेच कलावस्तूचे स्वरूप. काच की राळ हे भिंगाखाली पाहिल्यावाचून कळत नसेल, तर तो भेद आस्वादाच्या बाहेरचा होय. या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही की बिल्ला केवळ दुरून पाहिला जातो. बिल्ला टोचला जातो, हातात घेतला जातो, वर्षानुवर्षे जपला जातो. काळ हाही त्याचा एक प्रेक्षक आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या काचेचा रंग आजही तसाच दिसतो, कारण तो काचेतच मुरलेला आहे; लेप उन्हाने फिकटतो, राळ पिवळसर पडू शकते. जे रूप काळाच्या ओघात वेगवेगळे वागते ते आरंभीच एक होते असे म्हणणे कठीण आहे.

या भेदाचे एक व्यावहारिक अंगही आहे आणि संग्रहालयांच्या दृष्टीने ते सर्वांत निकडीचे आहे. नोंदवहीत सर्वत्र ‘मीना’ किंवा ‘इनॅमल’ एवढेच लिहिले तर जतन करणाऱ्याची फसगत होते. ॲसिटोनसारख्या द्रावकाने काचेस काही होत नाही. लेप त्याने विरघळू शकतो. निखळलेली टाचणी झाळताना लागणारी उष्णता काच पुष्कळ प्रमाणात सोसते, राळ करपते. वस्तूस इजा न करता भेद ओळखण्याच्या खुणाही आहेत. भिंगाखाली काचेच्या घासलेल्या पृष्ठावर सूक्ष्म बुडबुड्यांची छिद्रे दिसतात. काचेचा टवका निघाला असेल तर त्याची खोक शिंपल्याच्या आतल्या वळणासारखी दिसते. लेपाची मात्र पापुद्र्यासारखी खपली निघते. पारदर्शक काचेखाली ठशाचा उठाव दिसत असेल तर शंकेस जागाच राहत नाही. बिल्ल्याचा धातू जस्ताचा वा साध्या ॲल्युमिनिअमचा निघाला तर प्रश्न मुळातच निकालात निघतो.

मराठी परिभाषेस या बाबतीत अडचण पडण्याचे कारण नाही. धातूवर वितळविलेल्या काचेस तेवढे ‘मीना’ म्हणावे. खळग्यात भरून वाळविलेल्या रंगास ‘लेप’ म्हणावे आणि अशा बिल्ल्यास ‘लेपभरण बिल्ला’ म्हणावे. घासून सपाट केलेल्या तिसऱ्या प्रकारास ‘राळभरण’ हे नाव पुरेसे आहे. कोरलेल्या पितळेत लाख भरण्याचे मुरादाबादी काम आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते स्वतःच्या गुणांवर मान्यता पावले. त्यास मीना म्हणवून घेण्याची आवश्यकता पडली नाही. भरणाचे काम हीन आणि मीन्याचे श्रेष्ठ असा जातिभेद येथे अभिप्रेत नाही. प्रत्येक द्रव्याचा स्वतःचा धर्म आहे, आणि त्या धर्माशी इमान राखणारी वस्तू लहान असली तरी मोठी होते. होलोवेच्या बिल्ल्याने जे साधले ते महागड्या द्रव्यामुळे साधले नाही. रुप्याच्या गजांना गज राहू दिले आणि रंगास नेमक्या जागी बोलाविले, म्हणून साधले. आज एखादी छोटी संस्था आपला बिल्ला लेपात घडवून घेत असेल, तर तिच्या आरेखकानेही हाच प्रश्न स्वतःस विचारावयास हवा : ही भिंत येथे कशासाठी उभी आहे? या प्रश्नाचे उत्तर ज्या बिल्ल्यावर दिसते, तो समीक्षेस पात्र आहे.